टीचभर लाकूड

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे आणि सध्या माझी डोलकाठी माझ्याच पाठीवर आडवी बांधलेली आहे. शिडाच्या होडीला याहून ओशाळवाणं काही नाही. वारा येतो, अंगावरून निघून जातो, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माझं नाव हेझेल. ओस्वेगो गावाबाहेरच्या एका कोठारात पाच हिवाळे खपून एव्हरेट आणि लोइस या नवराबायकोने मला बांधलं. एव्हरेट शाळेच्या बस दुरुस्त करायचा, लोइस त्याच शाळेत गणित शिकवायची. माझ्या फळ्या एव्हरेटने वाकवल्या, डोलकाठी मात्र लोइसची. चांगल्या सरळ झाडाचं लाकूड आणून तिने एकटीने रंधा मारमारून ती गोल केली. एव्हरेट मदतीला आला की म्हणायची, "तू लांबूनच बघ. तुझा हात लागला की ती तुझ्यासारखी बुटकी व्हायची."

खरंच, लोइस नवऱ्यापेक्षा टीचभर उंच होती. चर्चबाहेरच्या लग्नाच्या फोटोत एव्हरेट पायरीवर उभा आहे आणि ती जमिनीवर, तरी कोण उंच ते सांगावं लागत नाही.

गावालगतच्या मोठ्या सरोवरावर आम्ही खूप हिंडलो. दोन वर्षांतून एकदा कालव्याने लांब हडसन नदीपर्यंत जायचो. कालव्यावरचे पूल ठेंगणे आहेत, त्यामुळे निघण्याआधी डोलकाठी उतरवावी लागते. ती आडवी ठेवायला लाकडाच्या तीन कैच्या लागतात, म्हणजे दोन-दोन पाय फुलीसारखे जोडलेले टेकू, पुढे, मध्ये आणि मागे. या कैच्या कोणी परत आणत नाही. प्रवास संपला की दुसऱ्या टोकाच्या गोदीत ठेवून द्यायच्या, उलट येणाऱ्याच्या कामी येतात. आमच्या कैच्या मात्र कुणाच्या कामी आल्या नसतील, कारण त्या फार उंच असत. कालव्यात सुकाणू लोइसचं आणि दोर एव्हरेटचे. तिला डोलकाठीखाली ताठ उभं राहता यावं, एवढ्या उंच कैच्या तो बनवायचा.

यंदाच्या मार्चमध्ये लोइस गेली. हे मला कुणी सांगितलं नाही. ती आली नाही, एवढंच.

मे महिन्यात कालवा उघडला तसा एव्हरेट एकटाच गोदीत आला. घर विकून झालं होतं. हडसनच्या काठी मुलगी राहते, पॉला, तिच्याकडे तो कायमचा चालला होता. गोदीची मालकीण बर्निस त्याची जुनी मैत्रीण. तिने विचारलं, "एव्हरेट, पॉला येते का सोबतीला?"

"तिचं बाळ लहान आहे."

"मग मी कुणाला सोबत देऊ का?"

"नको. ठीक आहे."

त्या दिवसांत तो सगळ्याला ठीक आहे म्हणायचा. बर्निसने मीठ घालून उकडलेले बटाटे लोण्यात घोळवून आणून दिले, तेही ठीक होते. ते तिथेच निवले.

काम मात्र त्याने चोख केलं. शिडं काढून घड्या घातल्या. डोलकाठीच्या डाव्या तारांना लाल पट्टी, उजव्या तारांना हिरवी. माथ्यावरच्या दिव्याची वायर सोडवली, पेच सैल केले आणि त्यांना तेल दिलं. हात बरोबर चालत होते, माणूस तिथे नव्हता. क्रेनने डोलकाठी उपसून काढली तेव्हा माझ्या पोटात मोठी पोकळी झाली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. आम्ही दोघं त्या दिवशी सारखेच होतो.

हंगाम नुकताच लागला होता, म्हणून गोदीत जुनी कैची एकही नव्हती. एव्हरेटने नवं लाकूड आणलं. टेप न लावता, नुसत्या पेन्सिलच्या खुणा करून कापलं, बोल्ट आवळले आणि तिन्ही कैच्या माझ्यावर उभ्या केल्या. डोलकाठी त्यांच्यावर चढली.

शेजारच्या होडीवरचा क्लाइड खो खो हसला. "काय रे एव्हरेट, कालव्यातून जिराफ नेतोस की काय?"

"क्लाइड, तोंड आवर," बर्निस म्हणाली. ती जवळ आली, मागच्या कैचीला हात लावून डोलकाठी हलवून पाहिली. डोलकाठी वरच्या वर डुलली.

"एव्हरेट, ही कुणाच्या मापाने केलीस?"

एव्हरेटने वर पाहिलं. मग तो डोलकाठीखाली जाऊन उभा राहिला. त्याचं डोकं आणि डोलकाठी यांच्यामध्ये टीचभर रिकामी जागा होती. 

"राहू दे अशीच," तो म्हणाला.

"नाही राहायची. वाटेत ओनायडा सरोवर आहे, वीस मैल उघडं पाणी. आधी लोइस सुकाणूवर असायची आणि तू डोलकाठीपाशी बसायचास. आता लाटा लागल्या तर ही धरणार कोण? कैच्या टीचभर कापाव्या लागतील."

"मी नाही कापणार."

"मग डोलकाठी इथे टाकून जा."

"टाकतो. तू तुकडे करून जाळ."

मित्रांनो, हे माझ्यासमोर चाललं होतं. डोलकाठी गेली की शिडाची होडी संपते. मी नुसती लाकडाची पेटी होऊन पॉलाच्या धक्क्याला कुजले असते. मला ओरडायला हवं होतं, पण माझ्यात तेवढं काही उरलेलं नव्हतं.

बर्निस आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात कुऱ्हाड होती, दुसऱ्यात करवत. दोन्ही तिने माझ्या फळीवर ठेवली.

"लोइसने ही डोलकाठी बनवली तेव्हा कोठारात दिवा धरून मी उभी होते," ती म्हणाली. "हिचे तुकडे मी करणार नाही. करायचे तर तू कर, तेही माझ्यादेखत. आणि कैच्या कापायच्या असतील तर मी धरते."

एव्हरेटने कुऱ्हाड उचलली. डोलकाठीवरून हात फिरवला. एका ठिकाणी रंधा किंचित खोल गेला होता, तिथे त्याचा अंगठा थांबला. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

क्रेनने डोलकाठी उचलून धरली, तेवढ्यात त्याने सहाही पाय कापले. बर्निसने ते घट्ट धरून ठेवले. क्लाइड टोपी काढून येऊन उभा राहिला आणि न सांगता खालचं भुसकट झाडू लागला. कापलेल्या तुकड्यांचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गावातच पहिलं लॉक लागतं. होडी आत घेतात, मागचं दार लावतात आणि पाणी भरून तिला वर चढवतात. वरच्या राखणदाराने दोर टाकला. एव्हरेट एका हाताने सुकाणू सांभाळत होता. दोर धरायला तो डोलकाठीखालून पुढे गेला. त्याला वाकावं लागलं नाही. पण जाता जाता मागे वळून तो मोठ्याने म्हणाला, "लोइस, वाक, यंदा काठी खाली आहे!"

भिंतींमध्ये आवाज घुमला.

एव्हरेट हातातल्या दोरासकट खाली बसला. आणि मार्चपासून जे झालं नव्हतं ते झालं. तो रडला, मोठ्याने, लहान पोरासारखा. त्याच्या हुंदक्यांनी माझ्या फळ्या हलत होत्या, आणि ते मला कळत होतं.

पाणी भरलं. आम्ही वर आलो. पुढचं दार उघडायची वेळ झाली होती. राखणदाराचा हात बटणावर होता. त्याने तो काढून खिशात घातला आणि तो पाण्याकडे पाहत उभा राहिला. आमच्यामागे खाली दुसरी होडी येऊन थांबली होती. तिच्यावरच्या माणसांना आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तीही थांबली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या होड्यांना तेल लावा, रंग द्या, आमची डोलकाठी कुणाला जाळू देऊ नका, एवढं मागणं तर आहेच. पण आज त्याहून थोडं जास्त मागते. कधी तुमच्यापुढे कुणी असा वाट अडवून बसला, तर भोंगा वाजवू नका.