अर्ध्या नंबरचा चष्मा

चष्मेवाल्या काकांच्या दुकानात सकाळपासून गर्दी होती आणि काकांचं प्रवचनही चालू होतं. "स्क्रीन हातभर लांब ठेवा. वीस मिनिटं झाली की मान वर करून जरा लांब बघा. आणि पापण्या मिटा हो, त्याला काही पैसे पडत नाहीत!" गिऱ्हाइकं हसत आणि ऐकतही. डोळ्यांच्या बाबतीत काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. काकांची लेक एका दवाखान्याचे जुने केसपेपर कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करी, रोज आठ तास. घरी आली की कपाळाला ओला रुमाल लावून पडे.

"बाबा, अक्षरं पोहायला लागतात हो. डोळे नुसते चुरचुरतात."

"पापण्या मिटत नाहीस तू. ऐकतेस कुठे माझं?"

खरी गोष्ट काका आणि काकूंनाच ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी लेकीचा नंबर प्लस तीन निघाला, तेव्हा तिची आई हादरली. "एवढ्या जाड काचा? त्यातून डोळे बटाट्याएवढे दिसतील! एका स्थळाने आधीच 'चष्मिस नको' म्हणून कळवलंय. लग्न ठरेपर्यंत काहीतरी करा ना." असं कळवणारी माणसं परकी नसतात, तुम्ही-आम्हीच असतो. आणि गावभर डोळे जपायला सांगणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीला दीडच्या पातळ काचा घालून दिल्या. तिला विचारलंसुद्धा नाही. स्थळं आली नि गेली, काचा त्याच राहिल्या.

एका दुपारी लेक थेट दुकानात आली. एका पेशंटच्या औषधाचा आकडा तिने चुकीचा उतरवला होता. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. पुन्हा चूक झाली तर काम जाणार होतं.

काकांनी तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि तीनच्या काचा सरकवल्या. बारीक अक्षरांचा कागद तिने घडाघडा वाचला. कपाळावरची आठी सुटली.

"वाढला ना नंबर? मी म्हणतच होते."

'हो' म्हणणं किती सोपं होतं! शब्द ओठांवर आलाही होता. पण काकांना स्वतःची लाज वाटली.

"नाही गं. पहिल्यापासून एवढाच आहे. मीच तुला अर्धा दिला. लग्न जमावं म्हणून."

लेकीने कागद खाली ठेवला.

"म्हणजे माझं डोकं दुखायचं, तेव्हा तुम्हाला कारण माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी मला सांगायचात, पापण्या मिट?"

काकांनी हात पुढे केला. "दे ती फ्रेम. नवा चष्मा करतो," एवढंच ते पुटपुटले.

"नाही काढणार," ती म्हणाली आणि तशीच बाहेर पडली.

चष्म्याला तीन दिवस लागले. तीनही दिवस ती तपासणीचीच बेढब फ्रेम घालून भर रस्त्याने कामाला गेली. "लोक हसतील हो," आई कळवळून म्हणाली.

"हसू देत," काका म्हणाले. "दोन वर्षं आपण तिला छळलं, त्याचं काय?"

लेक शेजारच्याच खोलीत होती. तिने ऐकलं, पण ती बाहेर आली नाही.