चैत्रातली दुपारची झोप

होळी उलटली की बापूजी जामनगरच्या आमच्या घराचा आहार बदलत. बापूजी म्हणजे माझे वडील, वैद्य लाभशंकर. दही, उडीद, मिठाई बंद होई. जुन्या जवाची भाकरी, ज्वारीच्या लाह्या आणि सुंठीचं कोमट पाणी सुरू होई. चैत्र लागला की सकाळी कडुलिंबाच्या मोहोराचा रस आणि पंधरा दिवस अळणी जेवण. दुपारी कोणीही आडवं व्हायचं नाही. वसंतात दिवसाच्या झोपेने कफ वाढतो.

मी जीवरसायनशास्त्र शिकले, राजकोटला प्रयोगशाळा चालवते. कफ मला आजवर मोजता आलेला नाही. तरी या नियमांना मी कधी विरोध केला नाही. ते निरुपद्रवी आहेत असं माझं मत होतं, आणि ते मत मी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

यंदा बाने, म्हणजे माझ्या आईने, फोन करून मुद्दाम विचारलं. ती एकोणऐंशीची. माघात तिची रक्तदाबाची गोळी बदलली होती. अळणी खाल्लं तर चालेल का, एवढंच तिला हवं होतं. मी म्हणाले, चालेल, रक्तदाबाला बरंच. गोळी कोणती, हे मी विचारलं नाही.

अष्टमीला मी घरी गेले तेव्हा बा झोपाळ्यावर बसली होती आणि बापूजी तिच्यासमोर टाळ्या वाजवत होते. चार दिवस तिला सारखी झापड येत होती. थंडीत साठलेला कफ उन्हाने पातळ झाला, असं त्यांचं निदान होतं. म्हणून सुंठीचं पाणी त्यांनी दुप्पट केलं होतं, आणि तिचे डोळे मिटले की ते टाळी वाजवत. मी तिला वार विचारला. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या मावशीच्या नावाने मला हाक मारली.

गोळ्यांची पट्टी देवघराच्या फळीवर होती. लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी होती ती.

रुग्णालयात रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, एकशे चौदा निघालं. एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये. ते सावकाशच वाढवावं लागेल, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते, असं डॉक्टर म्हणाले. ती यातून उठेल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उत्तराची टक्केवारी मला ठाऊक होती.

बापूजींनी चष्मा लावून अहवाल दोनदा वाचला.

"मीठ मी काढलं. पाणी मी वाढवलं."

"चालेल म्हणून मी सांगितलं होतं, बापूजी."

"तू कुठे वैद्य आहेस?"

"नाही. पण तिने मला विचारलं होतं."

त्यांनी अहवालाची घडी घातली. "म्हणजे मला विचारलं, तसं तिने तुलाही विचारलं. आणि गोळी दोघांनीही पाहिली नाही."

तिसऱ्या दिवशी आकडा एकशे सव्वीसवर आला. दुपारी बाने चार घास मीठ घातलेली खिचडी खाल्ली आणि तिला झोप लागली. बापूजी स्टुलावर बसून तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी टाळी वाजवली नाही. दर दोन तासांनी तिला उठवून भान तपासायचं, अशी सूचना होती. वेळ झाली तसा मी हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"झोपू दे तिला."

"उठवावं लागेल, बापूजी. साधी झोप आहे की ग्लानी, ते नुसतं बघून कळत नाही."

त्यांनी मनगट सोडलं. मी बाच्या खांद्याला हात लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडले.

"बा, आज वार कोणता?"

"चौपन्न वर्षं यांनी दुपारी डोळ्याला डोळा लागू दिला नाही," ती हळू पण स्पष्ट म्हणाली. "आता तू सुरू कर."

"वार सांग, बा."

"शनिवार. झालं समाधान?"

शनिवारच होता. मी तक्त्यावर वेळ लिहिली. बापूजी उठले, खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि पुन्हा स्टुलावर ताठ बसले.