सखूवन्संचा दिवा

माझ्या नखांना आजवर नेलपॉलिश लागलेलं नाही, पण आमच्या घरात महिन्याला एक बाटली संपते. पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झाल्यापासून आमचे हे घरीच सर्किट बोर्ड करतात. तांबं चढवलेल्या पाटीवर नेलपॉलिशने रेघा ओढायच्या आणि पाटी तांबं खाणाऱ्या तपकिरी पाण्यात बुडवायची. उघडं तांबं विरघळून जातं, रेघांखालचं राहतं. त्यावरून वीज धावते. रेघ तुटता कामा नये आणि शेजारणीला चिकटता कामा नये, एवढंच.

संगमेश्वरच्या सखूवन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, एकट्या राहतात. त्यांना हल्ली ऐकू येत नाही. दारावरची बेल दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागावा, असा बोर्ड यांनी काढायला घेतला. पण गेल्या वर्षापासून यांच्या हाताला कंप सुटलाय. दोनदा रेघा एकमेकींत घुसल्या, दोनदा पाटी पुसली.

"संपलं गो हेमा. उचलून ठेव सगळं," हे म्हणाले.

हात रिकामे झाले की माणूस कसा खचतो, ते मी शेजारच्या आप्पांचं पाहिलंय. म्हणून मी मुद्दामच खेकसले, "वन्संना काय तोंड दाखवू? बसा नि काढा!"

बसले बिचारे. रोज थोडं काढायचे. दुपारी हे आडवे झाले की मी सुई घेऊन चिकटलेल्या रेघा खरवडून सुट्या करायची, तुटलेल्या जोडायची. उठल्यावर हे भिंगातून बघायचे. "जमलं की गो!"

"मग? मी काय सांगत होते!" खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळत नाही.

शेवटच्या दुपारी पाहिलं, तर एक रेघ काढलेलीच नव्हती. शेजारी माझा चष्मा पुसून ठेवलेला, सुई आणि बाटली हाताशी.

"एवढी तू काढ," पलंगावरून आवाज आला. हे डोळे मिटून पडले होते. "रोज माझ्यामागून चोरून काढतेस, आज समोर काढ."

मी चष्मा चढवला. ब्रश धरला, आणि रेघ गेली वाकडी. हे उठून आले, भिंग लावलं.

"तुझापण हात हलतो की गो!" म्हणाले, आणि खो खो हसले. आपल्या हाताबद्दल हे वर्षभरात पहिल्यांदा हसत होते.

मी सुई उचलली, तर यांनी काढून घेतली. सखूवन्संच्या स्वयंपाकघरातला दिवा आता त्या वाकड्या रेघेवरूनच लागतो.