बर्फाखालच्या दाराची गोष्ट

मी एक जुना कथासंग्रह आहे. माझ्या पाठीला कापडी पट्टी आहे, कोपरे वाकलेले आहेत. मित्रांनो, माझ्या पोटात बऱ्याच कथा आहेत. पण लोक मला ओळखतात ते शेवटच्या एकाच कथेमुळे. बाकीच्या कथांना त्याचे वाईट वाटते का, हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही.

छापखान्यात माझी पाने शिवणाऱ्या कारागिराने ती कथा उभ्याउभ्या वाचली. तेवढ्यात सोबत्याने मागून खांद्यावर हात ठेवला आणि तो असा दचकला की सुई बोटात गेली!

कथा अशी आहे. दूरच्या एका गोठलेल्या चंद्रावर, बर्फाखाली, संशोधकांचे ठाणे असते. त्यांतला एक जण यंत्र दुरुस्त करायला बाहेर जातो आणि परत येत नाही. त्याच्याजवळची हवा केव्हाच संपलेली असते. आतले लोक रडून मोकळे होतात. मग दारावर थाप पडते आणि स्पीकरमधून आवाज येतो, “दार उघडा ना, गारठलो मी.” आवाज त्याचाच, बायकोला हाक मारायची तऱ्हाही त्याचीच. फक्त बोलताना तो मध्ये श्वास घेत नाही. हे एकट्या बायकोच्या लक्षात येते. बाकीचे दाराकडे धावतात आणि ती कडीवर हात ठेवून आडवी उभी राहते.

माझ्या लेखकाने रक्ताचा थेंब सांडला नाही की राक्षस दाखवला नाही. नुसत्या एका बंद दाराने त्याने भल्याभल्यांची गाळण उडवली. त्याचे मला आजही कौतुक वाटते.

मी वाचनालयात आलो. बस चालवणारे एक काका मला घरी घेऊन गेले. परत करताना ग्रंथपालबाईंना म्हणाले, “बाई, काल गाडीत मागून कोणीतरी ‘थांबा’ म्हणालं. मी आधी त्याचा श्वास ऐकला, मगच ब्रेक दाबला!”

एकदा एका आईने मला टेबलावर आपटले. “असलं काही मुलांच्या हाती देता कसं? मी हाक मारली तरी माझी मुलगी दार उघडत नाही!”

मुलगी मागेच उभी होती. बाईंनी विचारले, “घाबरलीस?”

“खूप. पण पुस्तक काढून टाकू नका ना. मला परत वाचायचंय.”

“एवढी घाबरलीस तरी?”

“ती बायकोपण घाबरलेलीच होती. तरी तिने नीट ऐकलं.”

आईने मला उचलले. तिथेच बाकावर बसून तिने कथा उघडली. वाचनालय बंद करताना बाईंनी तिला हाक मारली, तर ती अशी किंचाळली की तिघींनाही हसू आवरेना.

पुढे मात्र माझे दिवस फिरले. कोणीतरी माझे शेवटचे पान फाडून नेले. भिंतीची ओल लागली. वाचक हात लावीनासे झाले आणि बाईंनी जड मनाने मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले.

त्याच सुमारास ती मुलगी मला शोधत आली. आता ती डॉक्टर झाली होती.

“शेवटचं पानच नाही गं त्याला,” बाई म्हणाल्या. “अर्धवट गोष्ट कोणाला देऊ?”

“शेवट मला पाठ आहे. बाहेरचा आवाज थांबतो. मग दाराबाहेरून तिच्याच आवाजात हाक येते. आणि ती म्हणते, ‘आता मला माझाही भरवसा नाही.’”

कोपऱ्यात पेपर वाचणारे बसवाले काका उठून आले. “छे, छे! शेवटी ती कडीवरचा हात काढते. ‘तिने हात काढला,’ असं स्पष्ट छापलंय.”

“काका, तुम्ही दुसरीच गोष्ट वाचली असेल.”

“मी? अगं, आयुष्यभर त्या हाताची काळजी करतोय मी!”

दोघांची चांगलीच जुंपली. शांतता पाळा म्हणणाऱ्या बाईसुद्धा भांडणात पडल्या. शेवटी त्यांनी दुसऱ्या वाचनालयातून त्या पानाची प्रत मागवली. ती आली तेव्हा तिघांनी डोकी जुळवून वाचली. दाराबाहेरून बायकोच्याच आवाजात हाक येत होती, हे खरे. पण त्यापुढे एवढेच होते: ‘तिने आपला श्वास रोखून धरला.’

काकांचे वाक्य कुठेच नव्हते. डॉक्टरचेही नव्हते.

तिने त्या छापील ओळीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “पेशंट ठीक आहे असं वाटलं ना, की मला ‘माझाही भरवसा नाही’ हे वाक्य ऐकू येतं. म्हणून मी पुन्हा एकदा छाती तपासते. एक-दोघं त्यामुळे वाचलेत, काका.”

काकांनीच बाईंकडून डिंक मागून घेतला आणि ते पान मला चिकटवले. जरा तिरकेच, पण घट्ट.

मित्रांनो, मला कोरड्या हातांनी उघडा, पाने दुमडू नका, फाडू तर मुळीच नका. आणि वाचून झाले की माझ्यावरून कोणाशी तरी कडकडून भांडा. त्या दिवशी ते तिघे भांडले नसते, तर आज मी रद्दीत असतो.