नेरिसानं गाळलेली वाक्यं

वादळानं अर्व्हिलाचं घर उडवून नेलं त्याला वर्ष होत आलं, तरी ती तंबूतच राहत होती. तिच्यासारखं अर्धं प्रोव्हिडेन्स बेट तंबूत होतं. वादळात जे थोडंफार वाचलं, ते ओढ्याच्या मुखाशी असलेल्या तिवरांनी वाचवलं. मच्छीमारांनी आपल्या होड्या त्या झाडांत खोल नेऊन बांधल्या, म्हणून निदान काही हाती राहिल्या. आणि सरकारला आता नेमकी तीच जागा हवी होती. गस्तीच्या बोटींसाठी धक्का, गोदाम आणि सैनिकांना राहायला खोल्या.

“अख्खं बेट सोडून यांना आमचाच ओढा दिसला,” म्हातारा मच्छीमार अल्फर्ड म्हणाला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. “घरं बांधायला सिमेंट नाही म्हणतात. धक्क्याला बरं मिळतं!”

लोकांना विचारल्याशिवाय काम करता येत नाही, असा कायदा होता. म्हणून छप्पर उडालेल्या बाप्टिस्ट सभागृहात बैठक ठरली. मुख्य भूमीवरून आलेल्यांना, ज्यांना बेटावर ‘पान्या’ म्हणत, फक्त स्पॅनिश येत होतं. बेटावरच्यांनाही स्पॅनिश येत होतं. शाळेत छड्या खाऊन शिकलेलं. पण आपल्या जमिनीबद्दल बोलायचं ते आपल्याच बोलीत, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. दुभाषी म्हणून सरकारनं नेरिसाला पाठवलं. ती अर्व्हिलाची एकुलती एक मुलगी. मुख्य भूमीवर शिकून घरबांधणीच्या खात्यात लागलेली. आपलीच पोरगी आहे म्हटल्यावर लोकांच्या जिवात जीव आला.

अर्व्हिला काळे खेकडे धरणाऱ्या बायकांची पुढारी. बोलायला तीच उठली आणि मुख्य भूमीवरून आलेल्या साहेबाच्या थेट टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“सांग त्यांना,” ती लेकीला म्हणाली, “आमचे पूर्वज या ओढ्याशी राहायला आले तेव्हा यांच्या देशाचं बारसंही झालं नव्हतं. विचारायला आलात म्हणता, मग यंत्रं आधीच का उतरवलीत? ओढा आमचा आहे, तो द्यायचा नाही. नाही म्हणजे नाही. एक फांदी तोडायची तर आधी मला तोडा.”

मागची बाकं दणाणली. त्या गदारोळात नेरिसा साहेबाकडे झुकली आणि हळू आवाजात स्पॅनिशमध्ये म्हणाली, “या बाई म्हणतात, ओढ्याशी त्यांच्या भावना निगडित आहेत. काम करताना झाडांची शक्य तेवढी काळजी घ्यावी, अशी त्यांची विनंती आहे.”

हे फक्त टेबलापाशी उभ्या असलेल्या अर्व्हिलाला ऐकू गेलं. साहेब हसून मान डोलावत होता. नेरिसानं आईकडे पाहिलं. लहानपणी काहीतरी फोडल्यावर बघायची, अगदी तशी बघत होती.

तोंड उघडलं तर भरसभेत पोरीचं नाक कापलं जाणार होतं. अर्व्हिला मागे वळली आणि जागेवर जाऊन बसली. शेजारच्या बायकांनी तिची पाठ थोपटली. “काय सुनावलंस गं!”

संध्याकाळी नेरिसा तंबूत आली. अर्व्हिला चुलीवर नारळाच्या दुधात मासा आणि कच्ची केळी शिजवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“मम्मा, मी त्या लोकांत बसते,” नेरिसा म्हणाली. “चिडले की ते आधी काय थांबवतात, मला ठाऊक आहे. घरं! कॅप्टनची बायको तंबूत खोकून खोकून अर्धी झालीय. आणखी एक पावसाळा काढेल ती?”

“मी तुला माझं तोंड दिलं होतं, पोरी. तू त्यात त्यांची जीभ घातलीस.”

“मग तिथंच का नाही बोललीस? तुला तर कळलं होतं.”

अर्व्हिला डाव फिरवत राहिली. नेरिसा न जेवताच गेली.

काही आठवड्यांनी भल्या सकाळी यंत्रांची घरघर सुरू झाली. लोक धावत पोचेपर्यंत ओढ्याचा एक काठ बोडका झाला होता. तिवरं चिखलात आडवी पडली होती. अल्फर्ड यंत्रापुढे जाऊन उभा राहिला. नेरिसाही बैठकीतल्या त्या अधिकाऱ्याबरोबर आली होती.

“लोकांचा विरोध नाही,” अधिकारी म्हणाला. “झाडं जपून काम करा, एवढीच विनंती होती. तुमच्याच या बाईंनी केलेली.”

सगळे अर्व्हिलाकडे वळले. नेरिसा जमिनीकडे पाहत होती.

“मी ‘नाही’च म्हटलं होतं,” अर्व्हिला म्हणाली. “तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. ते माझ्या लेकीनं त्यांना सांगितलं नाही. आणि तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं होतं. मी गप्प बसले.”

अल्फर्ड थुंकला. “ओढा दिलास होय लेकीसाठी? मिस अर्व्हिला, आमच्या होड्या आता तुझ्या झग्याला बांधू का?”

अर्व्हिला अल्फर्डच्या शेजारी जाऊन यंत्रासमोर खाली बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या बायका बसल्या. पण तिच्यापासून जरा अंतर ठेवून. तिथंच ताडपत्री बांधली गेली, चूल मांडली गेली. पुढचे कित्येक महिने लोक आळीपाळीनं तिथं राहिले. अल्फर्डची बायको पावसाळ्यात गेली. घर तोवर मिळालं नव्हतंच. नेरिसानं वाक्यं गाळून जे वाचवायचं म्हटलं होतं, तेही वाचलं नाही.

शेवटी लोकांच्या अर्जावर न्यायालयानं काम थांबवलं. थांबवलं म्हणजे पुढचा आदेश येईपर्यंत. तोडलेल्या काठावर, तोवर सैनिकांच्या पहाऱ्यात ओतलेला सिमेंटचा चौथरा तेवढा राहिला. खेकडे डोंगरातून अंडी सोडायला समुद्राकडे उतरले, तेव्हा चौथऱ्यापाशी अडले आणि उन्हात वाळले. बायका बादल्या भरभरून त्यांना पाण्यापर्यंत नेत होत्या. सगळ्यांना कुठून नेता येणार?

नेरिसाची मुख्य भूमीवर बदली झाली. बेटावर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. अर्व्हिला तिला सोडायला विमानतळावर गेली, तिची पिशवी स्वतः उचलून.

“मम्मा, शिव्या दे हवं तर. पण काहीतरी बोल.”

अर्व्हिला बोलली. पण स्पॅनिशमध्ये, परक्या अधिकाऱ्याशी बोलावं तशा अदबीनं. “आपला प्रवास सुखाचा होवो.”

नेरिसानं पिशवी घेतली आणि मागे न पाहता विमानाकडे चालत गेली.

तंबूकडे परतताना चढावर अर्व्हिलाला धाप लागली. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. पोरीला आपल्या बोलीत एक शब्द बोलायला हवा होता, शिवी का असेना, असं तिला वाटलं. तोवर विमान बेटाभोवतीच्या प्रवाळांच्या रीफपलीकडे पोचलं होतं.