शिसपेन्सिलीचा देश

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते. शाळांसाठी छापायच्या नकाशासंग्रहातलं त्यांच्या हातचं एकच पान राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ते खाली छापखान्यात गेलं नाही, तर त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी पान जाणार होतं. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी नऊ वर्षं नकाशे काढत आले, म्हणून ते पुरं करायला माझ्याकडे आलं.

पानावर दोन देश होते, जगात कुठेही नसलेले. दोन्ही हुबेहूब सारखे: तीच नदी, तीच राजधानी, तेच सात प्रांत. डावा एकात्म राज्यपद्धतीचा, उजवा संघराज्याचा. उजव्यातल्या प्रांतांच्या सीमा काळ्या शाईत होत्या, डाव्यातल्या शिसपेन्सिलीत.

"डावा राहिलाय त्याचा," मोजपट्टीकाका म्हणाले. ते आमच्यातले सर्वांत जुने. कमरेत कधी वाकत नाहीत म्हणून हे नाव. "गिरव आणि मोकळी हो. एका पानावर चार महिने अंडी उबवत बसला होता तुझा बाप."

मी गिरवू लागले. तीन प्रांत झाले. शाई वाळायची वाट पाहताना दुपारचं ऊन डोळ्यांवर आलं, टेबल नदीकाठासारखं लांबत गेलं, आणि समोरून बाबा आले, बाह्या दुमडलेल्या.

"चल, फिरून येऊ."

डाव्या देशात राजधानीच्या खिडकीत एक बाई आली. तिने नुसता हात फिरवला आणि दोन प्रांतांमधली रेघ धुक्यासारखी विरली. रस्त्यावरची माणसं वर पाहून पुन्हा चालू लागली.

"कुणी काहीच बोललं नाही?"

"बोलून काय? प्रांतांना अधिकार तिनेच दिलेले, तीच परत घेते. पण कामं झटपट होतात हं. एका नळासाठी सात सभा नाहीत."

उजव्या देशातही तशीच बाई, तसाच हात. रेघ जागची हलली नाही. वेशीवर एक आजी स्टूल टाकून बसली होती.

"खोडायचंय? खुशाल खोडा," ती म्हणाली. "आधी आमची सही घ्या. संविधानात तसंच लिहिलंय, आणि ते तुम्हालाही लागू आहे."

"सही कधी मिळेल?" राजधानीच्या बाईने विचारलं.

"आधी भांडण होईल, मग चहा. मग बघू."

बाबा खूप दिवसांनी हसले.

"हे नकाशात दाखवायचं कसं?" मी विचारलं.

"दाखवलंय की, वेडाबाई."

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं. डावा देश राहून गेलाच नव्हता. चार महिने शोधून बाबांना सापडलेलं उत्तर म्हणजे ती पेन्सिल होती, आणि तिच्यावर मी शाई फिरवली होती.

ब्लेड घेऊन शाई हलकेच खरवडू लागले. शाईबरोबर तिच्याखालची त्यांची रेघही निघत होती. थांबले असते तर त्यांचा हात शाईखाली का होईना, राहिला असता. पण पान खोटं गेलं असतं. मी खरवडत राहिले.

मग पेन्सिलीला टोक काढून तिन्ही प्रांत पुन्हा आखले. डावीकडे खाली लिहिलं: 'या रेषा राजधानी एकटी पुसू शकते.' उजवीकडे: 'या रेषा राजधानी आणि प्रांत, दोघांच्या संमतीशिवाय पुसता येत नाहीत.'

मोजपट्टीकाकांनी पान उजेडात धरलं आणि खालच्या दोन्ही ओळी वाचल्या.

"डावा देश फिकट छापून येईल, पोरी."

"येऊ द्या, काका."

त्यांनी पान दोन्ही हातांवर घेतलं आणि जिना उतरू लागले.