ताटलीपासून पाण्यापर्यंत

पेटीत अकरा वस्तू होत्या. चार फ्लॉपी, दोन काळ्या वायरी, एक मायक्रोफोन, एक हार्ड डिस्क, एक मोडका माउस, एक निम्मा झिजलेला खोडरबर आणि मी. पेटी पत्र्याची होती आणि बिदरला नरहरराव सरांच्या माळ्यावर होती. तिचे झाकण उघडले ते एकोणीस वर्षांनी, मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास.

मित्रांनो, मी एक जुने साउंड कार्ड आहे. वीतभर लांबीची हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चिपा आणि खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले बासष्ट दात, दोन्ही बाजूंना एकतीस-एकतीस. हे दात संगणकाच्या लांब खाचेत बसले की मी जागा होतो. माझे काम सांगायला सोपे आहे. मायक्रोफोनमधून आवाजाची लाट येते, मी तिची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. ऐकायचे झाले की त्याच आकड्यांची पुन्हा लाट करतो. त्या काळी डिस्कवर जागा फार कमी असे, म्हणून मी आकड्यांची माझ्या पद्धतीने घट्ट घडी घालत असे. ती घडी माझ्याखेरीज कोणालाच उलगडत नाही. तरुणपणी मला याचा फार अभिमान वाटे.

सरांनी मला १९९८ साली हैदराबादेत विकत घेतले. त्यांच्या पत्नी जानकीबाईंनी मला दोन साड्यांच्या मध्ये ठेवून बसने बिदरला आणले. वाटेत त्यांनी पिशवी एकदाही खाली ठेवली नाही.

सर शाळेत विज्ञान शिकवत. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांनी औराद तालुक्यातल्या तेवीस विहिरींचे पाणी मोजायचे ठरवले, आणि तेही दोर न सोडता, आवाजाने. जीपमध्ये संगणक घालून आम्ही विहिरीवर जात असू. विहिरीजवळ मोटारीची खोली असते आणि खोलीत वीज असते, तिथेच माझा मुक्काम. काठावर काशाची एक ताटली दोऱ्याने टांगलेली असे. सर एक, दोन, तीन मोजत. ‘तीन’ला समोरचा माणूस दगड सोडी आणि त्याच क्षणी सर पळीच्या दांड्याने ताटली वाजवत. टण् ते डुबुक्. मधला वेळ मी टिपत असे. दगड पडायला किती वेळ लागला हे कळले की पाणी किती खाली आहे ते गणिताने काढता येते. हात मागेपुढे होतो म्हणून प्रत्येक विहिरीत पाच दगड. एकशे पंधरा डुबुक् मी घडी घालून ठेवले आहेत.

ते माझे सुखाचे दिवस. गावोगावी माणसे खोलीच्या दारात गर्दी करत आणि आपल्याच विहिरीचा आवाज माझ्याकडून पुन्हा ऐकत. पुढे नवे संगणक आले. त्यांत माझ्या मापाची खाचच नव्हती. जुना संगणक गेला, त्यातली डिस्क आणि मी पेटीत गेलो. सरांची नोंदवही तर त्याआधीच चुकून रद्दीत गेली होती.

त्या सोमवारी पेटी उघडणाऱ्या मुलीचे नाव दानेश्वरी. संतपूरच्या भीमण्णाची मुलगी. कलबुर्गीहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून ती नुकतीच घरी आली होती. तेवीस विहिरींपैकी नववी विहीर भीमण्णाची. तिथला दगड सोडणाराही तोच.

“आज कामून आठवण झाली विहिरीची?” सरांनी विचारले.

“अप्पा बुजवायलेत सर. शुक्रवारी टिपर यायलेत, रोडच्या कामाचा मलबा घेऊन. अप्पा म्हणतेत, विहीर मेली. मी म्हणते, गाळानं भरली. दोघांजवळबी पुरावा न्हाई.”

तिने टेप सोडून मोजले होते. काठापासून १२.१ मीटरवर सुका गाळ लागत होता, पाणी नव्हतेच. आता तिचा प्रश्न नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. सव्वीस वर्षांपूर्वीचे मे महिन्यातले पाणी आजच्या तळाच्या वर असेल, तर गाळ भरल्याचा काही पुरावा नाही, पाणी आटले असेच धरावे लागेल. पण ते पाणी आजच्या तळाच्याही खाली असेल, तर तळच वर आला आहे. म्हणजे गाळ काढून बघण्यात अर्थ आहे. आणि त्या पाण्याचा आवाज होता फक्त माझ्याकडे.

सरांनी मला उजेडात धरले. दानेश्वरीने माझे दात पेटीतल्याच खोडरबराने एकेक करून घासले. बासष्टच्या बासष्ट. असा हात माझ्यावरून एकोणीस वर्षांत फिरला नव्हता.

लांब खाचेचा संगणक मिळाला हुमनाबादला, हमरस्त्यावर किशनरावांच्या जुन्या सामानाच्या दुकानात.

“हे मशीन?” किशनराव म्हणाले. “बाई, मी तर ह्याला भंगारात वजनावर घालायलो होतो. तुम्हाला ह्यात काय करायचंय?”

“दगड ऐकायचाय, काका.”

किशनरावांनी मशीन पुसायला फडके घेतले.

मंगळवारी दुपारी सरांच्या घरी जुनी डिस्क जोडली गेली आणि मी खाचेत बसलो. पहिल्या खेपेला संगणकाने मला ओळखलेच नाही. मी आणि प्रिंटरची जोडणी दोघेही त्याला एकाच क्रमांकावर हाक मारत होतो. दानेश्वरीने माझ्या अंगावरची इवलीशी काळी टोपी काढून शेजारच्या दोन पिनांवर बसवली. मग ओळख पटली. माझा प्रोग्रॅम असलेल्या चारपैकी तीन फ्लॉपी चालल्या, चौथीची गरजच पडली नाही. पडद्यावर विहिरींची यादी आली. नवव्या विहिरीवर बोट ठेवून तिने मला हुकूम दिला.

मी काहीच बोललो नाही.

मित्रांनो, मला बोलायचे होते. आकडे येत होते, मी घडी उलगडतही होतो. पण लाट बनवायला मला एक विशिष्ट वीज लागते, उणे पाच व्होल्टची, आणि ती माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. आपल्याला काय कमी आहे हे ठाऊक असून सांगता येऊ नये, ही अवस्था फार वाईट.

“गेलं असेल ते,” सर हळूच म्हणाले. “लई वर्षं झाली.”

“गेलं असेल तर मोजून कळंल, सर.”

बुधवारी सकाळी ती मीटर घेऊन बसली. खाचेचे एकेक टोक तपासून कागदावर आकडे लिहीत गेली. अधिक पाच होते, अधिक बारा होते, उणे बारा होते. उणे पाचच्या जागी शून्य. तिने किशनरावांना फोन लावला.

“काका, ह्या मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा तुम्ही बदललाव का?”

“व्हय की. जुन्याचा पंखा लई ओरडायला होता, म्हणून नवा घातलो.”

“जुन्या डब्यात पांढरी तार होती?”

“असंल. इथंच पडलाय.”

नव्या डब्यांमध्ये ती पांढरी तार नसते, कारण माझ्यासारख्यांना सोडून ती कोणालाच लागत नाही. दोन वाजता ओरडणारा पंखा घरात आला. मागोमाग भीमण्णाही आला. मुलगी तीन दिवस नेमके काय करते आहे, ते त्याला पाहायचे होते.

डबा जोडला. कळ दाबली. आणि माझ्या अंगातून ती वीज अशी सरसरत गेली की काय सांगू. स्पीकरमधून आधी खरखर आली, मग वारा, मग लांबवर एक बैल हंबरला. मग सरांचा आवाज आला. “एक... दोन... तीन...”

टण्. डुबुक्. आणि लगेच एक तरुण आवाज कानडीत ओरडला, “बिट्टे सर!”

“सोडला म्हणायलोय बघ मी,” भीमण्णा म्हणाला. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. “पडल्यावर सांगायलोय.”

दानेश्वरी हसत होती, पण तिचा हात पुढच्या कामाला लागलाही होता. कारण खरी अडचण आत्ताच आली होती. ऐकवण्याआधी मी दर वेळी विचारतो, आवाज कोणत्या वेगाने टिपला होता? सेकंदाला दहा हजार नोंदी, अकरा हजार की बारा हजार? पहिल्या खेपेला तिने अंदाजानेच एक वेग निवडला होता. मी घडी घालतो, पण वेग लिहून ठेवत नाही. तो वहीत होता आणि वही रद्दीत. तिने तिन्ही वेगांनी ऐकवले. वेग वाढवला की आवाज बारीक होतो आणि मधला वेळ कमी होतो.

“बारा,” सर म्हणाले. “माझा आवाज असाच खणखणीत होता.”

“कुठला खणखणीत?” जानकीबाई ताटलीत चुरमुऱ्यांचा सुसला घेऊन आल्या होत्या. “तवाबी घोगरेच होता तुम्ही.”

“सर म्हणतेत तर बाराच,” भीमण्णाने निकाल दिला.

दानेश्वरीने बाराचे गणित केले. पाणी ११.८ मीटरवर. तळ १२.१.

“म्हंजे मेलीच की,” भीमण्णा म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. जिंकलेला माणूस असा बसत नाही.

तिने मग दहाचे गणित केले, १६.८ मीटर. अकराचे केले, १४ मीटर. सव्वीस वर्षांपूर्वीचे पाणी आजच्या तळाच्या वर की खाली, हे आता एका आवाजाच्या आठवणीवर ठरत होते, आणि घरातल्या आठवणी तर दोन होत्या.

ती विचार करत सुसल्याची ताटली पुढे ओढायला गेली. तिचे नख काठाला लागले. टण्.

ती थांबली. तिने ताटली उचलून काठ पाहिला. काठाला एक भोक होते.

“काकू, ही ताटली कवाची?”

“माझ्या रुखवतातली. रुखवताच्या ताटलीला भोक पाडणारा माणूस अख्ख्या बिदरात एकच हाय, आन् तो तिथं बसलाय. कामून?”

“मला ही रिकामी पायजे.”

“आधी खा. मग वाजव.”

तिने इतक्या भराभर सुसला खाल्ला की भीमण्णाने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मग ताटली पुसून त्याच भोकात दोरा ओवला आणि खिडकीच्या गजाला टांगली. सरांनी सवयीने पळीचा दांडा हातात घेतला. पाच ठोके. दानेश्वरीच्या फोनने ताटलीचा सूर मोजला. सेकंदाला ८२० कंपने, ८२१, ८२०, ८२०, ८१९.

“माणसाचा आवाज बदलतो, सर. काशाचा बदलत न्हाई.”

मग तिने फोन माझ्या स्पीकरसमोर धरला. दहाच्या वेगाने माझ्यातली ताटली वाजली तेव्हा ७४५. बाराच्या वेगाने ८९५. अकराच्या वेगाने ८२०.

किशनरावांचा पंखा तेवढा ओरडत होता. दानेश्वरीने पाचही डुबुक् पुन्हा मोजले आणि सरासरी काढली. १.७३ सेकंद. चौदा मीटर. आजच्या सुक्या तळाच्या जवळजवळ दोन मीटर खाली.

“टिपरवाल्याला फोन लाव,” भीमण्णा म्हणाला.

“काय सांगू?”

“सांग, मलबा दुसरीकडं टाक म्हणावं. आन् क्रेनवाल्या नरसिंगचा नंबर बघ तुझ्याजवळ हाय का.”

“बाराला थोडा तर खणखणीत वाटत होता,” सर पुटपुटले.

“घोगरे,” जानकीबाई रिकामा पेला उचलत म्हणाल्या.

संतपूरच्या विहिरीतून नऊ दिवस गाळ निघाला. त्यात सात घागरी, सायकलची एक रिम आणि नांगराचा एक फाळ निघाला. सहाव्या दिवशी गाळ ओला लागला. नवव्या दिवशी तळाचा खडक लागला, काठापासून १५.२ मीटरवर. नरसिंगने क्रेन काढून नेली आणि त्यानंतर पाणी साठू द्यावे म्हणून दोन दिवस विहिरीला कोणी हात लावला नाही.

बाराव्या दिवशी मी पुन्हा मोटारीच्या खोलीत होतो. तुलना करायची तर साधन तेच हवे, असा दानेश्वरीचा हट्ट होता. तोच मायक्रोफोन, तीच ताटली, तोच मी, आणि वेग अकरा हजार. सरांनी या खेपेला एका चिठ्ठीवर तारीख, विहिरीचे नाव आणि वेग लिहिला. जुन्या नऊ नंबरचा वेगही त्याखाली लिहिला आणि चिठ्ठी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली.

मित्रांनो, माझे तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. घरातली जुनी वस्तू फेकण्याआधी ती कोणाचे काय सांभाळून बसली आहे ते एकदा विचारा. आणि ठेवणार असाल, तर नुसती ठेवू नका. ती केव्हाची, कशाची, कोणत्या वेगाची, हे एका ओळीत लिहून तिच्याजवळ ठेवा. आम्ही वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो. पण आमच्याजवळची ती ओळ हरवली, तर आम्ही बोलूनही कोणाला काही कळत नाही.

भीमण्णाने काठावर पाच दगड ओळीने मांडले. दानेश्वरी माझ्याशेजारी बसली. सरांनी पळीचा दांडा उचलला आणि मोजायला सुरुवात केली.

पाच दगडांची सरासरी, ताटलीपासून पाण्यापर्यंत १.७१ सेकंद. काठापासून पाणी १३.७ मीटर.